गोलच्या आधी, गोलच्या नंतर

माझं एक ठाम मत आहे, आणि आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते फारसं कुणाला पटत नाही. लहान मुलांच्या फुटबॉल मॅचमधला सगळ्यात कंटाळवाणा फोटो म्हणजे गोलचा फोटो! जाळ्यात अडकलेला बॉल, चार-पाच पाठमोरी पोरं आणि जमिनीवर आडवी झालेली गोलकीपर. रविवारी दुपारी ग्रुपवर शे-दीडशे फोटो येऊन पडतात, त्यातले निम्मे असेच. उरलेल्यांत वर भरपूर आकाश, खाली हिरवट-तपकिरी पट्टा आणि त्यावर मुंग्यांएवढी मुलं. मग सांगलीहून आत्याचा फोन येतो, "अगं, यात आपली कुठली?" मी सांगते, "उजवीकडून तिसरी मुंगी." :-)

यावर सगळ्यांचं एकच उत्तर असतं : "चांगला कॅमेरा घ्यायला हवा." मला ते मान्य नाही. कॅमेऱ्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण आपण कुठे बसतो आणि कशाची वाट बघतो, याने त्याहून कितीतरी जास्त पडतो. आणि आपण वाट बघतो ती फक्त गोलची. तर मंडळी, आज याच विषयावर थोडं तंत्र आणि थोडं मत. तंत्रात रस नसेल त्यांनी मधले आकडे खुशाल गाळावेत. शेवटाकडचं मात्र वाचा, कारण खरं सांगायचंय ते तिथे आहे.

मारुंजी माहीत नसलेल्यांसाठी : हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेलं हे मुळशी तालुक्यातलं गाव. आता उसाच्या फडांपेक्षा उंच इमारतीच जास्त. आम्ही जिथे मॅच खेळतो ते ग्राउंड म्हणजे थोडं गवत, थोडा मुरूम. एका बाजूला क्रेन, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या टँकरची रांग, आणि मधल्या फटीतून टेकड्यांची रेघ. मुलं मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली, मल्याळम असं काहीही बोलणारी, पण "पास दे ना रे" सगळ्यांना येतं. सोसायट्यांमधली मुलं आहेत, गावातली आहेत, आणि जवळच्या बांधकामावर राहणाऱ्या कुटुंबांतली दोन-तीन आहेत. कोच त्यांनाही बिब घालून मैदानात उतरवतात. नदीपलीकडे थोड्याच अंतरावर बालेवाडीचं क्रीडासंकुल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं, आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही तिथेच झाल्या. पुणे एफसीच्या आणि पुढे एफसी पुणे सिटीच्या मॅचेसना तिथे कडेला फोटोग्राफरांची रांग लागायची. ते दोन्ही क्लब आता राहिले नाहीत. आमच्या ग्राउंडवर तर अशी रांग कधीच नव्हती. आमच्या मुलांचे फोटो काढणारे आम्हीच, आई-बाप.

पहिली गोष्ट, खाली बसा. इतकं साधं आहे, पण नव्वद टक्के फरक यातच आहे असं मी म्हणेन. नऊ-दहा वर्षांच्या मुलाची उंची आपल्या छातीपर्यंत. आपण उभ्याने फोटो काढला की मूल बुटकं दिसतं, चेहरा खाली जातो आणि मागे नुसती जमीन येते. चटई टाकून बसलं की कॅमेरा मुलाच्या छातीच्या पातळीवर येतो. मग डोळे दिसतात, जिभेचं बाहेर आलेलं टोक दिसतं, बॉल जमिनीपासून किती सुटलाय ते कळतं. शिवाय टँकर झाकले जातात आणि मागे टेकडी येते. गुडघे कुरकुरतात म्हणाल, तर प्लास्टिकचं छोटं स्टूल न्या.

दुसरी गोष्ट, मधल्या रेषेजवळ उभं राहायची सवय सोडा. तिथून सगळं दिसतं, पण सगळं कडेने दिसतं. त्यापेक्षा कॉर्नरच्या झेंड्यापासून थोडं आत, गोलपोस्टच्या बाजूला, रेषेपासून दोन-तीन पावलं मागे बसा. समोरून येणारी मुलं तुमच्याकडे तोंड करून पळत येतात. कोचला आणि रेफरीला आधी विचारायचं, आणि अगदी जाळ्यामागे बसायचं नाही. गोलकीपरला मागची माणसं नकोशी होतात. ऊन आपल्या पाठीशी हवं, म्हणजे सकाळच्या मॅचला मैदानाची पूर्वेकडची बाजू धरायची. आणि एकदा बसलं की हाफटाइमपर्यंत तिथेच. बॉलच्या मागे पळणाऱ्या फोटोग्राफरला बॉल कधीच सापडत नाही. एका जागी बसणाऱ्याकडे तो पाच-सहा वेळा आपणहून येतो.

आता आकडे. मैदानावर जोरात पळणारं मूल सेकंदाला साधारण पाच मीटर जातं असं धरू. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ते आठ सेंटीमीटर पुढे सरकतं, म्हणजे चेहऱ्याची फराटी. १/२५० ला दोन सेंटीमीटर. १/१००० ला अर्धा सेंटीमीटर, म्हणजे फोटो स्थिर. बॉल याहून वेगवान. ताशी चोपन्न किलोमीटरने मारलेला बॉल सेकंदाला पंधरा मीटर जातो. १/२५० ला तो सहा सेंटीमीटर लांबतो आणि अंड्यासारखा दिसतो, १/१००० ला दीड सेंटीमीटर. म्हणून पळणाऱ्या मुलांसाठी १/५०० च्या खाली उतरायचं नाही आणि जमेल तेव्हा १/१००० धरायचं. कॅमेऱ्यावर याच्यासाठी वेगळा मोड असतो. निकॉनवर 'एस', कॅननवर 'टीव्ही' (दूरदर्शनशी संबंध नाही!). सोबत फोकस सतत बदलत राहील अशी सोय चालू करायची, म्हणजे निकॉन आणि सोनीवर 'एएफ-सी', कॅननवर 'एआय सर्व्हो'. नाहीतर कॅमेरा मूल जिथे होतं तिथे फोकस करून बसतो, आणि मूल केव्हाच पुढे गेलेलं असतं.

"पण एवढा वेग ठेवला तर फोटो काळा येतो," असं एकीने मला विचारलं होतं. फिल्मच्या काळातला जुना हिशेब इथे अजूनही उपयोगी पडतो. लख्ख ऊन असेल तर अ‍ॅपर्चर एफ १६, आणि शटर म्हणजे एक भागिले आयएसओ. आयएसओ २०० असेल तर एफ १६ ला १/२००. आपल्या स्वस्त झूम लेन्सा पूर्ण लांब केल्या की एफ ५.६ वर येतात, म्हणजे तीन पायऱ्या जास्त प्रकाश. दोनशेचे चारशे, आठशे, सोळाशे. १/१६०० मिळाला! म्हणजे उन्हात स्वस्तातली ५५-२५० किंवा ७०-३०० ची लेन्ससुद्धा पुरेशी आहे. सकाळी सातचं कोवळं ऊन असेल तर आयएसओ दुप्पट-चौपट करायचा. पावसाळ्यातला भरून आलेला दिवस तर हिशेबाला आणखी सोपा. गडद ढगांत एफ ५.६ ला शटर जवळपास आयएसओइतकंच येतं. १/१००० हवा तर आयएसओ १०००. फोटोत थोडे दाणे दिसतील. दिसू देत. दाणेदार चेहरा चालतो, पुसलेला चेहरा चालत नाही. आणि खरं सांगू का, मारुंजीतला सगळ्यात सुंदर प्रकाश जुलैचाच. सावल्या नाहीत, डोळे मिचकावणं नाही, धूळ बसलेली. एप्रिलमधल्या साडेदहाच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळं पडतं, तेव्हा कुठलीही लेन्स काही करू शकत नाही.

हल्ली वाकड-हिंजवडीकडे संध्याकाळी टर्फवर दिव्यांखाली मॅचेस होतात, त्यांचं गणित वेगळं. तिथला प्रकाश डोळ्यांना झगझगीत वाटला तरी कॅमेऱ्याला कमीच असतो. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. लागोपाठच्या दोन फोटोंत एक पिवळा आणि एक फिका येतो तो त्यामुळे. कॅमेऱ्यात 'अँटी फ्लिकर' असेल तर चालू करा. आणि चहूबाजूंनी जाळी असते तिचं काय? लेन्स जाळीला जवळपास टेकवायची, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि मुलं आपल्यापासून दूर असताना काढायचं. जाळी विरघळून जाते.

मोबाईलवाल्यांनी हिरमुसू नये. मोबाईलमध्ये दूरचा फोटो बोटांनी ताणून मोठा करू नका, एवढं पाळलंत तरी खूप. त्याऐवजी खेळ जवळ येईल अशा जागी बसा. थ्रो-इन, कॉर्नर, हाफटाइमची पाणी पिण्याची गर्दी, मॅचआधी शिनगार्ड बांधणं, हे सगळं पाच-सहा फुटांवर घडतं. भर उन्हात मोबाईल शटरचा वेग आपणहून वाढवतो. बर्स्ट चालू करायचा आणि घरी येऊन वीसातला एक ठेवायचा. हा 'एक ठेवायचा' भागच आपण विसरतो. वीसचे वीस ग्रुपवर!

कुठला ठेवायचा हे मात्र शिकण्यासारखं आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज नावाच्या माणसाने बारा कॅमेरे ओळीने लावून दौडणाऱ्या घोड्याचे फोटो काढले. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हा तेव्हाचा वाद होता. सुटतात, असं फोटोंनी दाखवलं. पण चित्रकार दाखवायचे तसे पाय पुढे-मागे ताणलेले असताना नाही, तर पोटाखाली गोळा झालेले असताना! डोळ्याला जे कधी दिसलं नव्हतं ते कॅमेऱ्याला दिसलं. मुलांचंही तसंच आहे. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेली फ्रेम शोधा. दहापैकी एका फ्रेममध्ये ती असते, आणि त्यात आपलं नेहमीचं, दप्तर ओढत शाळेत जाणारं पोर चक्क उडत असतं.

आता मुद्द्यावर येते. वाट कशाची बघायची?

२०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता; बालेवाडीच्या क्रीडाप्रबोधिनीत आणि मग पुणे एफसीच्या अकादमीत वाढलेला मुलगा. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला कॉर्नरवरून जेकसन सिंगने हेडर मारला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकातला तो भारताचा पहिला गोल. सगळं स्टेडियम उभं राहिलं... आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून मॅच २-१ ने जिंकली. मला त्या मॅचमधलं काय आठवतं? बॉल जाळ्यात जातानाचा क्षण नाही. उडी घेण्याआधी वर बघणारे चेहरे आठवतात, आणि मग एका मिनिटाच्या अंतराने त्याच मुलांचे दोन चेहरे. फुटबॉल तिथे असतो, गोलच्या आधी आणि गोलच्या नंतर. गोल ही फक्त नोंद. ती रेफरी वहीत करतोच.

म्हणून कॉर्नर मिळाला की कॅमेरा बॉलवर नको, उडी मारणाऱ्यांच्या तोंडांवर हवा. बॉल फ्रेममध्ये आपणहून येईल. स्ट्रायकर एकटा पुढे सुटला तर त्याच्याकडे जरूर बघा, पण त्याला गाठायला जिवाच्या आकांताने मागे पळणाऱ्या डिफेंडरकडेही बघा. खरी कसोटी त्याची चाललेली असते. आणि गोल झाला की कॅमेरा खाली घेऊ नका. दहा सेकंद थांबा. कोण कुणाला मिठी मारतंय, कोण कुणाला हात देऊन उठवतंय, कोण एकटंच चालत परत निघालंय...

हे मी एवढ्या तावातावाने का सांगतेय, तर माझी लेक गोलकीपर आहे. ग्रुपवर येणाऱ्या समोरच्या संघाच्या प्रत्येक 'व्वा, काय गोल!' फोटोत एक मुलगी चिखलात पडलेली असते, आणि ती माझी असते. फोटोखाली अंगठे, फटाके, टाळ्या. कुणाचा वाईट हेतू नसतो, मला ठाऊक आहे. फोटो काढणाऱ्याला आपलं पोरच दिसतं, पडलेलं दिसतच नाही. पण दहा वर्षांच्या मुलीने असे चार फोटो ओळीने बघितले की तिला आपण कोण वाटत असू? गोल खाणारी. तिने अडवलेल्या बारा बॉलचा एकही फोटो नसतो, कारण बॉल अडला की काही झालंच नाही असं आपण समजतो.

मग असे फोटो काढूच नयेत का? मला काही दिवस तसंच वाटत होतं. पण परवा तिच्याशी बोलताना वेगळंच ऐकायला मिळालं. तसाच एक फोटो आला होता. बॉल तिच्या बोटांच्या वरून आत चाललेला, आणि ती पूर्ण आडवी, जमिनीपासून दीड फूट वर. मी तो तिला दाखवणार नव्हते, तिनेच ग्रुपवर बघितला. म्हणाली, "हा मोठा प्रिंट करून दे." मी म्हटलं, "अगं, यात तर गोल झालाय." तर म्हणते, "हो, पण उडी बघ ना!"

यावर मी बराच विचार केला. मुलीला फोटोचा त्रास नव्हता. फोटोखाली काय लिहिलंय आणि फोटो कुठून कापलाय, यात सगळा फरक होता. तोच फोटो स्ट्रायकरच्या वडिलांनी उजवी बाजू कापून टाकला असता तर तिचे नुसते पाय राहिले असते. त्यात दोघंही पूर्ण दिसत होती, मारणारा आणि अडवणारी, दोघंही जीव तोडून. माझ्या मते चांगल्या अ‍ॅक्शन फोटोची हीच खूण. दोन्ही संघांच्या घरी लावता यावा असा फोटो.

इथे कुणी म्हणेल, "एवढा कशाला विचार करायचा, आपण आपल्या मुलांचे फोटो काढतो." पण मैदानावर फक्त आपलं मूल नसतं ना. ग्रुपवर टाकलेला फोटो तिथेच राहत नाही. कुणाच्या तरी स्टेटसला जातो, तिथून पुढे कुठे जातो कळत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल असं म्हटलंय. घरगुती वापराला तो कायदा लागू नाही, त्यामुळे आपल्याला कुणी पकडायला येणार नाही. पण कायदा नसला तरी रीत असावी. आमच्यापुरती मी तीन गोष्टींची रीत धरली आहे. रडणाऱ्या मुलाचा फोटो ग्रुपवर नाही, हवा तर त्याच्या आईला एकटीला. फोटोखाली कुणाचं नाव आणि स्कोअर नाही. आणि महिन्याभरात प्रत्येक मुलाचा निदान एक फोटो, बेंचवर बसणाऱ्यांचासुद्धा.

शेवटच्या रीतीला थोडे कष्ट आहेत. वहीत सगळ्या मुलांची यादी ठेवायची आणि खूण करत जायचं. हे सुरू केल्यावर लक्षात येतं की आपण न ठरवता किती मुलांना गाळत असतो. गोल करणारे तिघे, त्यांच्या खुणाच खुणा. आणि बांधकामावरून येणारी ती दोन-तीन मुलं, त्यांचे आई-वडील ग्रुपवर नाहीतच. त्यांचे फोटो आले काय न आले काय, त्यांना कळतच नाही. म्हणून त्यांचे मी स्टुडिओतून कागदावर काढून आणते, चार बाय सहाचे. आजच्या काळात कागदाचा फोटो कोण घेतं असं वाटेल. त्यातला एकजण तो फोटो बिबच्या आत छातीशी ठेवून अख्खी मॅच खेळला, घामाने त्याचा लगदा झाला. दुसरी प्रत द्यावी लागली. :-)

यातलं कुणी उद्या अनिकेत जाधव होईल म्हणून हे करायचं नाही. बहुतेक मुलं सोळाव्या वर्षी क्लासेसमुळे फुटबॉल सोडतील, हे आपल्याला पक्कं माहीत आहे. ज्यांचे खेळणं पुढे चालू राहील त्यांचे फोटो काढायला पुष्कळ लोक येतील. कोल्हापुरात तालमीच्या संघांमध्ये शाहू स्टेडियमवर खेळणाऱ्या पोरांचे फोटो स्थानिक पेपरात येतात. तिथे खेळाला गावाची नजर आहे. मारुंजीत ती नजर अजून तयार व्हायची आहे. तोवर आपले गुडघे टेकलेले चार आई-बाप एवढीच काय ती व्यवस्था. तिशीतल्या माणसाला आपण एकेकाळी जमिनीपासून सुटलो होतो याचा पुरावा लागतो कधीकधी. तो आत्ताच काढून ठेवायला हवा.

आणि हो, दुसऱ्या हाफला कॅमेरा पिशवीत. हा नियम मी कडक पाळते. मुलं गोल झाल्यावर एकमेकांकडे बघायच्या आधी कॅमेऱ्याकडे बघायला लागली आहेत, हे कुणाच्या लक्षात आलंय का? आपण सारखे समोर काच धरून बसलो तर त्यांनी तरी काय करावं. पंचवीस मिनिटं नुसतं बघायचं, टाळ्या वाजवायच्या, समोरच्या संघासाठीसुद्धा.

असो. खूप लांबलं. या रविवारी पाऊस आला तर आयएसओ हजार, नाही आला तर दोनशे. यादीत अजून एक नाव खुणेशिवाय आहे, आमचा डावा डिफेंडर. सगळ्यात शांत मुलगा, बॉल आला की चुपचाप बाहेर काढतो आणि जागेवर परत जातो. पहिल्या हाफला मी त्याच्या बाजूला बसणार आहे.